पाणकणीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्याकाठच्या फेरीला माणसं येतात ती पक्षी बघायला. पण पहिला प्रश्न हमखास येतो तो काठावरच्या त्या तपकिरी कणसांबद्दल. पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत, कारण प्रश्नही तसेच आहेत.

ते काडीवरच्या कुल्फीसारखं दिसतं ते फूल की फळ?

कोवळं असेल तर फुलोरा, पिकलं की फळांचा गच्च गठ्ठा. दांडा जवळून बघा. त्यावर दोन मजले असतात. वरचा मजला बारीक, तो नर फुलांचा. खालचा जाड, तो मादी फुलांचा. आपल्याकडच्या जातीत दोन्हींच्या मध्ये थोडा उघडा दांडा दिसतो. नर फुलं पिवळीधमक धूळ उधळून गळून जातात आणि कणसाच्या डोक्यावर नुसती वाळकी काडी उरते. फुलदाणीत आणून ठेवतो तेव्हा त्या काडीचं काय करावं ते कोणाला कळत नाही, मग बहुतेक जण ती मोडून टाकतात.

या फुलांना पाकळ्या नाहीत, रंग नाही, वास नाही, मध नाही. एक मादी फूल म्हणजे बारीक देठावर बसलेला एवढासा बीजकोश आणि भोवती रेशमी केसांचा झुबका. अशी हजारो फुलं खेटून बसली की मखमलीसारखं कणीस होतं. कीटकांना बोलवायचंच नाही म्हटल्यावर नटायचं कशाला? परागवहनाचं काम वारा करतो. मादी फुलं आधी तयार होतात आणि नर नंतर, त्यामुळे त्याच कणसातले पराग त्याच कणसावर पडणं जरा टळतं. तरी शेजारचे सगळे दांडे बरेचदा एकाच मुळवटाचे असतात, म्हणजे शेवटी सोयरीक घरातल्या घरातच होते.

पाणकणीस, रामबाण, एरका: झाड एकच ना?

हो. पाणकणीस हे नाव सगळीकडे चालतं. उंच, सरळ, टोकाला जाड दांडा बघून काही भागांत रामबाण म्हणतात. एरका हे संस्कृत नाव. प्रभासक्षेत्री समुद्रकाठी यादव एकमेकांवर उठले तेव्हा त्यांनी एरका उपटली आणि तिची मुसळं झाली, अशी कथा आहे. ती एरका म्हणजे पाणकणीस असं सहसा मानलं जातं. आपण घराघरांतल्या भांडणाला ‘यादवी’ म्हणतो त्याची मुळं अशी या चिखलात आहेत. हातात पिकलं कणीस धरून बघा, मुसळाची उपमा कुठून आली असेल ते लगेच कळतं.

हे गवतच आहे का? लव्हाळ्याची मोठी बहीण?

गवत नाही आणि लव्हाळाही नाही. गवतं, लव्हाळे, जंकस (इंग्रजीत ‘रश’ म्हणतात ती झाडं) आणि पाणकणीस हे सगळे एकाच मोठ्या गणातले, पण कुळं वेगवेगळी. पाणकणसाचं कुळ टायफेसी. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये टायफा हे नाव कायम केलं, पाणकणसाच्या सगळ्या जातींच्या शास्त्रीय नावाची सुरुवात त्यानेच होते.

काठावर उभं राहून ओळखायचं तर डोळ्यांपेक्षा बोटं जास्त कामाची. लव्हाळ्याचा दांडा अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा, बहुतेकांना तीन धारा लागतात. जंकसचा दांडा गोल आणि गुळगुळीत. पण ते मुख्यतः थंड आणि डोंगराळ मुलखाचं झाड, दख्खनच्या तळ्यावर त्याची वाट बघू नका. नळ म्हणजे ज्याच्यासारख्या काड्यांपासून बोरू करत, त्याच्या दांड्याला बांबूसारखी पेरं असतात आणि शेंड्यावर पिसाऱ्यासारखा तुरा येतो. पाणकणसाला पेरांचा दांडा नाही. तळापासून सरळ पट्टीसारखी पानं निघतात, एकात एक खोचलेली.

खरा घोटाळा होतो तो वेखंडाशी, कारण पानांची ठेवण तशीच असते. अशा वेळी पान चुरगाळा. वेखंडाला लगेच ओळखीचा वास येतो, बाळगुटीतला. पाणकणसाला फक्त ओल्या हिरवटपणाचा.

महाराष्ट्रात कोणती जात आढळते?

तलाव, ओढे, कालव्याच्या कडेला जी दिसते ती प्रामुख्याने टायफा डोमिंजेन्सिस. जुन्या वनस्पतीसूचींत हीच टायफा अँगुस्टाटा या नावाने सापडेल. पुष्कळ लेखांत तिला सरसकट टायफा अँगुस्टिफोलिया म्हटलेलं असतं, पण ती जवळची वेगळी जात आहे. तिचं मादी कणीस गडद तपकिरी, तर डोमिंजेन्सिसचं फिकट, दालचिनीच्या रंगाचं. भारतात टायफा एलिफंटिना नावाची दांडगी जातही आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने तिचं नाव ठेवलं. तिच्या पानाचा खालचा भाग तिकोनी असतो आणि ती माणसाच्या दुपटीने उंच जाते. युरोप-अमेरिकेच्या छायाचित्रांत जी जाडजूड कणसं दिसतात, नर-मादी मजले अगदी चिकटलेले, ती बहुधा टायफा लॅटिफोलियाची. इंटरनेटवरचा फोटो आणि समोरचं झाड जुळलं नाही तर कारण बरेचदा हे असतं.

मुळं कायम चिखलात. ती गुदमरत कशी नाहीत?

हा माझा आवडता प्रश्न. तळ्याच्या तळाशी काळा, कुजक्या अंड्याचा वास येणारा गाळ असतो, त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. भुईमुगाचं रोप त्यात दोन दिवस टिकणार नाही. पाणकणीस वर्षानुवर्षं टिकतं, कारण ते हवा सोबत घेऊन उतरतं.

एक पान बुडाजवळ धारदार ब्लेडने आडवं कापा. आत काय दिसतं? लांबट हवेचे कप्पे, मध्ये पातळ भिंती, जाळीदार पडदे आणि कप्प्यातून ताणलेले कोळ्याच्या धाग्यासारखे तंतू. पान दाबलं तर स्पंजासारखं दबतं. त्याचा वीतभर तुकडा घेऊन एक टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि दुसऱ्या टोकातून जोरात फुंका, बुडबुडे येतील. लहान मुलांना हे दाखवलं की पुढचा अर्धा तास पक्षी कोणी बघत नाही.

नुसत्या पोकळ्या असून भागत नाही, हवा वाहायलाही हवी. कोवळ्या पानाच्या आत दमट हवा, बाहेर कोरडी. बाहेरची हवा पानाच्या अतिसूक्ष्म छिद्रांतून आत शिरते आणि आतला दाब किंचित वाढतो. तो दाब हवेला खाली जमिनीतल्या खोडाकडे ढकलतो, आणि ती जुन्या, वाळक्या, मोडक्या पानांच्या नळ्यांतून परत वर निघून जाते. म्हणजे तरणी पानं हवा ओढतात आणि म्हातारी धुराड्याचं काम करतात. ऊन कडक आणि हवा कोरडी असली की हा पंप जास्त जोरात चालतो. गाळात तयार होणारा मिथेनही याच वाटेने वर येतो. ही वाळकी पानं लक्षात ठेवा, पुढे झाड काढण्याच्या प्रश्नात ती परत येणार आहेत.

पान एवढं उंच, तरी वाऱ्यात मोडत का नाही?

पुरुषभर उंचीच्या पानाकडे नीट बघा, ते सरळ नसतं. पीळ दिलेल्या फितीसारखं स्वतःभोवती फिरलेलं असतं. त्यामुळे वाऱ्याला सपाट फळी कुठेच मिळत नाही.

मागच्या वर्षी चार दांडे होते, यंदा अर्धं तळं भरलं. हे होतं कसं?

दोन वाटांनी. दूर जायचं असेल तेव्हा बी, जवळ पसरायचं असेल तेव्हा खोड.

एका कणसात लाखाहून जास्त बिया असू शकतात. पिकलं की कणीस फुटतं, केसाळ म्हातारी वाऱ्यावर निघते आणि कुठेही जाते. ओल्या जागी टेकली की फळाचं साल उकलून बी पाण्यात खाली बसतं. त्याला रुजायला उजेड, ऊब आणि ओला चिखल किंवा जेमतेम बोटभर पाणी लागतं. म्हणून खोल पाण्यात नवं रोप येत नाही. उन्हाळ्यात तळं आटून काठ उघडा पडतो तेव्हा येतं. तोवर बी गाळात वर्षानुवर्षं थांबू शकतं.

एकदा रोप धरलं की बियांची गरज संपते. जमिनीतलं पांढरं, जाड, पिठूळ खोड आडवं धावतं आणि जागोजागी कोंब वर काढतं. हळदीचा गड्डा आडवा पळायला लागला तर कसा दिसेल तसं. हे खोड उथळ काठावरून सुरू होऊन जास्त पाण्यातही शिरतं, कारण काठावरची पानं त्याला हवा पुरवत असतात.

त्याला कशी जागा लागते?

साचलेलं किंवा संथ पाणी, मऊ गाळ, भरपूर ऊन. गुडघ्यापासून कमरेपर्यंतचं पाणी त्याला फार मानवतं. पुरुषभर खोलीत ते रेंगाळतं. थोडा खारेपणा डोमिंजेन्सिस सोसते, म्हणून खाडीच्या वरच्या अंगाला, खारजमिनीच्या बांधाआत जिथे गोडं पाणी साठतं तिथेही ती दिसते. पण त्याला खरं आवडतं ते न हलणारं पाणी. पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात पार आटतं, जमीन भेगाळते, अशा जुन्या गावतळ्यात पाणकणीस आटोक्यात राहतं. बारमाही गळका कालवा, सांडपाण्याचा ओढा, सोडून दिलेली दगडाची खाण इथे त्याची चैन असते.

पाणकणीस आलं म्हणजे पाणी घाण झालं, असं समजायचं का?

चार दांडे दिसले म्हणून नाही. ते इथलंच झाड आहे आणि निरोगी तळ्याच्या उथळ काठावर त्याची जागा असतेच. पण दोन-तीन वर्षांत सगळा काठ गिळून त्याची भिंत उभी राहिली, तर कारण पाण्यात शोधा. बहुधा दोन गोष्टी सापडतील: पाण्याची पातळी वर्षभर तीच राहते, आणि त्यात कुठून तरी खत येतंय. मग ते शेतातलं असो की संडासातलं.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं आहे, आणि जात तीच, टायफा डोमिंजेन्सिस. तिथल्या एव्हरग्लेड्स पाणथळीत मूळचं राज्य करवती धारेच्या सॉग्रास नावाच्या लव्हाळ्याचं. हे पाणी फॉस्फरसच्या बाबतीत अगदी गरीब आणि सॉग्रासला तशीच गरिबी मानवते. वरच्या अंगाला उसाची शेती झाली, खतातला फॉस्फरस कालव्यांतून खाली उतरला आणि कालव्यांच्या तोंडापासून पाणकणीस पसरत गेलं. हजारो एकर सॉग्रास त्याखाली गेलं. आता तिथे पाण्यातला फॉस्फरस लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणायचं उद्दिष्ट आहे, आणि पाणी गाळायला जी कृत्रिम पाणथळी बांधली आहे तिच्यात गाळायचं काम करायला इतर पाणवनस्पतींबरोबर पाणकणीसही आहे! ऊस, कालवा, खत, पाणकणीस. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला ही साखळी समजावून सांगायची गरज नसावी.

म्हणजे ते पाणी साफ करतं. मग राहू द्यावं की!

करतं, पण एकटं नाही. त्याच्या मुळांतून थोडा प्राणवायू आजूबाजूच्या गाळात झिरपतो आणि त्यावर जिवाणू जगतात. घाण मोडायचं बरंचसं काम ते जिवाणू करतात. दाट दांड्यांमुळे पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत याच तत्त्वावर चालते: खडी भरलेल्या टाक्यांतून सांडपाणी संथ सोडायचं आणि वर पाणकणीस, कर्दळ, नळ अशा वनस्पती लावायच्या.

फरक इतकाच की तिथे पाणी किती यायचं, किती थांबायचं हे ठरलेलं असतं आणि झाडं कापून बाहेर नेली जातात. तळ्यात वाळलेली पानं तिथेच पडून कुजतात आणि शोषलेलं बरंचसं पुन्हा पाण्यात परत जातं. नाल्याचं तोंड उघडं ठेवून ‘पाणकणीस करेल साफ’ म्हणणं ही निव्वळ पळवाट आहे.

तळं ते पिऊन टाकतं, अशी गावात तक्रार असते. खरं का?

पानांतून पाणी उडतं हे खरं. पण तीच पानं पाण्यावर सावली धरतात आणि वारा अडवतात, त्यामुळे उघड्या पाण्याची वाफही कमी होते. नुकसान होतं ते वेगळ्या वाटेने: दरवर्षी पानांचा थर साचतो, त्यात गाळ अडकतो, तळ उचलत जातो. तळं आटत नाही, बुजतं.

पक्ष्यांना त्याचा उपयोग होतो की अडचण?

उपयोग पुष्कळ, जोपर्यंत मध्ये मोकळं पाणी आहे तोपर्यंत. जांभळी पाणकोंबडी तर या राईची मालकीणच. ती कोवळा कोंब ओढून काढते आणि लांब बोटांच्या मुठीत धरून, ऊस सोलावा तसा, आतला पांढरा गाभा खाते. अंगावर रेघा असलेली सुगरण पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या पानांना घरटी बांधते. बोरूतला वटवट्या दिसत नाही पण दिवसभर कटकट ऐकवतो. लाल मुनियांचे थवे संध्याकाळी मुक्कामाला येतात. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात ते नांदूर मध्यमेश्वर 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. गाळ साचून उथळ झालेलं पाणी, मध्ये बेटं, कडेला अशी दाट राई, हेच तिथल्या पक्ष्यांचं घर आहे.

पण सगळं पाणी झाकलं गेलं की बदकं निघून जातात. त्यांना उतरायला मोकळं अंगण लागतं.

साप असतात का त्यात?

असतात. पाणदिवड असतेच, ती बिनविषारी. उंदीर-बेडूक आहेत तिथे नागही येऊ शकतो. अनवाणी शिरू नका.

वाढलं आहे, कमी करायचं आहे. कसं करू?

आधी नाल्याचं तोंड. ते बंद होणार नसेल तर पुढची मेहनत दर दोन वर्षांनी करायची तयारी ठेवा.

जेसीबी घालून ओरबाडणं हा सगळ्यांचा लाडका उपाय आणि बरेचदा सगळ्यात वाईट. खोडाचे तुकडे गाळात राहतात आणि प्रत्येक तुकडा नवं झाड होतो. वर आपण उघडा, ओला, उन्हातला चिखल करून दिलेला असतो, म्हणजे बियांसाठी तयार वाफाच. काठावर टाकलेला ढीग पहिल्या पावसात परत तळ्यात येतो. एका तळ्यावर मी हे डोळ्यांनी पाहिलं: फेब्रुवारीत ‘स्वच्छता’, नारळ फोडून, दिवाळीपर्यंत पूर्वीपेक्षा दाट.

झाडाचा पंप बंद करणं जास्त शहाणपणाचं. हिरवी आणि वाळकी, दोन्ही पानं पाण्याच्या पातळीखाली वीतभर कापायची आणि पुढचे काही आठवडे खुंट पाण्याबाहेर येऊ द्यायचे नाहीत. हवेचा रस्ता तुटला की जमिनीतलं खोड गुदमरतं आणि कुजतं. वाळकी पानं ‘मेलेलीच आहेत’ म्हणून सोडली तर सगळं फुकट, कारण धुराडं तीच. कापणीची उत्तम वेळ कणीस निघत असतानाची, तेव्हा खोडातला पिठाचा साठा बराच खर्च झालेला असतो. कापलेलं सगळं तळ्यापासून दूर न्या. आच्छादन आणि कंपोस्टला चालतं. विणीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, सुगरणींची घरटी असलेला भाग सोडा. आणि सगळं काढू नका, कडेला एक पट्टा राहू द्या. तणनाशकाचं विचाराल तर पाण्यात नको, एवढंच माझं उत्तर.

जनावरं खातात का?

म्हशी कोवळे कोंब खातात आणि डुंबताना बाकीचे तुडवतात, तेही तितकंच महत्त्वाचं. जून पान चरबरीत असतं, त्याला कोणी तोंड लावत नाही. गावतळ्यावरच्या म्हशी गेल्या आणि पाणकणीस वाढलं, असं जुनी माणसं सांगतात, त्यात तथ्य आहे. भरतपूरच्या अभयारण्यात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला म्हशींना बंदी केली तेव्हा पाणकणीस नाही, पण दुसरं एक पाणगवत असंच माजलं होतं.

आणि माणसं?

खातात. कोवळ्या कोंबाचा आतला पांढरा भाग काकडीसारखा लागतो. जमिनीतल्या खोडात पीठ असतं. इटलीत सापडलेल्या सुमारे 30,000 वर्षांपूर्वीच्या दळायच्या दगडांवर पाणकणसाच्या पिठाचे कण मिळाले आहेत. दक्षिण इराकच्या दलदलीत परागांपासून पिवळी मिठाई करतात, सिंधमध्येही परागांचा गोड पदार्थ होतो. पण हे झाड गाळातले जड धातूही शोषतं. शहरातल्या नाल्याजवळचं काहीही तोंडात घालू नका.

चटया याच्याच होतात ना?

काश्मीरची वगुव चटई दल सरोवराकाठच्या पाणकणसाची. बंगालीत झाडाला होगला म्हणतात आणि त्याच्या चटया, छपरं, कुंपणं होतात. हुगळी हे नावही त्यावरूनच पडलं असं पुष्कळ जण सांगतात. पान हलकं, आत हवा भरलेली, त्यामुळे बसायला ऊबदार.

शोभेसाठी कणीस घरात ठेवलं तर चालेल?

चालेल, पण पूर्ण पिकण्याआधी कापलेलं आणा. मी एकदा पाच छान जाड कणसं आणून दिवाणखान्यात ठेवली. दोन महिने सगळ्यांनी कौतुक केलं. चैत्रातल्या एका दुपारी भाच्याने एक कणीस नुसतं बोटाने खरवडलं. आधी टाचणीएवढं भोक, मग त्यातून फस्सकन कापूस आणि पंखा चालू. एका कणसाची म्हातारी दोन खोल्या पांढऱ्या करायला पुरते. केरसुणी मारली की ती उडते, ओल्या फडक्याने चिकटते. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईतही कपाटामागून निघत होती. बाजारात मिळणाऱ्या कणसांवर वॉर्निशचा हात मारलेला असतो तो याचसाठी. घरी हेअरस्प्रेचे दोन-तीन थरही पुरतात.

तो कापूस उशीत भरता येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तो जीवरक्षक जाकिटांत भरला गेला, कारण त्यावर मेणासारखा थर असतो आणि पाणी लवकर शिरत नाही.

गच्चीवर टबात लावता येईल का?

हो, आणि अगदी सोपं आहे. बूड फुटकं नसलेला मोठा ड्रम घ्या, वीतभर माती, वर चार बोटं पाणी. ओढ्यातून कोंबासह खोडाचा एक तुकडा आणा. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवं. डासांसाठी दोन-चार गप्पी मासे सोडा. पातळ प्लास्टिकचा टब मात्र नको, खोडाचं टोक सुईसारखं असतं आणि जागा कमी पडली की ते भिंतीला लागतं. दर वर्षी अर्धा गड्डा काढून टाका. आणि काढलेला तुकडा ‘राहू दे, जगेल बिचारा’ म्हणून कोणाच्या शेततळ्यात टाकू नका. तिथल्या प्लास्टिकच्या कागदाची किंमत शेतकऱ्याला विचारा.